एकाच जठरात दोन पायलोरी

चवथीच्या आधीच्या गुरुवारी आमच्या लॅबमध्ये काणकोणच्या बाजूने बर्फाचा डबा आला. आत चार ट्यूब: जठराच्या खालच्या टोकाचे, म्हणजे अँट्रमचे, दोन तुकडे आणि बॉडीचे, म्हणजे जठराच्या मधल्या मोठ्या भागाचे, दोन. पेशंटला ड्युओडेनल अल्सर. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जंतूसाठी क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा चौदा दिवसांचा कोर्स दोनदा दिलेला, तरी श्वासाची चाचणी पॉझिटिव्हच.

एन्डोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांना वेगळंच कोडं पडलं होतं. युरिएज टेस्टमध्ये जंतू असला की रंग गुलाबी होतो. त्यात अँट्रमचा तुकडा पिवळाच राहिला आणि बॉडीचा वीस मिनिटांत गुलाबी झाला. "नेहमी उलट असतं ना?" त्यांनी फोनवर विचारलं. मी पेशंटच्या गोळ्यांची चौकशी करायला सांगितलं. निघालं ते असं, की पोटात जळतं म्हणून तो फार्मसीतून आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोल आणून परवापर्यंत खात होता. आम्ल कमी झालं की अँट्रममधले जंतू विरळ होतात आणि बॉडीत टिकून राहतात. म्हणूनच ही गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक किंवा बिस्मथ चार आठवडे बंद असल्याशिवाय एकट्या अँट्रमच्या निगेटिव्हवर विसंबू नये. तुकडे दोन्ही जागांचे आले होते, ते बरं झालं.

तुकडा थोड्या ब्रॉथमध्ये वाटून अँटिबायोटिक घातलेल्या ब्लड अगारवर पसरला. जारमध्ये ५ टक्के ऑक्सिजन, १० टक्के कार्बन डायऑक्साइड, तापमान ३७ अंश. ओलावा लागतो म्हणून आत भिजवलेला कापूस ठेवतो, पण पावसाळ्यात तो हात राखूनच भिजवायचा. झाकणावरचं पाणी अगारवर उतरलं की कॉलन्या एकमेकींत वाहून जातात आणि मग सुटी कॉलनी उचलता येत नाही. जार तीन दिवस उघडायचा नाही. इथे चवथ आल्यामुळे तो थेट मंगळवारी उघडला. पर्थमध्ये १९८२ साली हा जंतू पहिल्यांदा वाढला तोही ईस्टरच्या सुट्टीत प्लेट्स राहून गेल्या म्हणून. नाहीतर दोन दिवसांत त्या टाकून देत. आमच्याही प्लेट्सवर टाचणीच्या टोकाएवढे पारदर्शक थेंब दिसत होते, अँट्रमच्या प्लेटवर जेमतेम पंधरा.

दोन्ही प्लेट्सवरून खरवडून घेतलेल्या जंतूंवर व्हॅकए, म्हणजे जंतूच्या विषाच्या, जीनचा पीसीआर लावला. या जीनच्या सुरुवातीचे दोन प्रकार असतात. एस-वनचा तुकडा २५९ बेसचा, एस-टूचा २८६. फरक अवघा २७ बेसचा, म्हणून डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारं जेल २ टक्क्यांचं आणि हळू पळवायचं. घाईत एक टक्क्यावर पळवलं तर दोन्ही पट्टे एकच दिसतात. या २७ बेसच्या भरीमुळे विषाच्या प्रोटीनला पुढे पाण्याशी सलगी करणारं शेपूट येतं आणि पेशीत पोकळ्या पाडायची त्याची ताकद जवळजवळ जाते.

अँट्रमच्या लेनमध्ये एक पट्टा आला. बॉडीच्या लेनमध्ये दोन.

"मॅडम, कुठेतरी मिसळलंय," टेक्निशियन म्हणाली. निगेटिव्ह कंट्रोल स्वच्छ होता. तरी उरलेल्या दुसऱ्या तुकड्यातून नव्याने डीएनए काढला. पुन्हा दोनच.

मग प्रत्येक प्लेटवरून बारा सुट्या कॉलन्या उचलून वेगळ्या वाढवल्या. अँट्रमच्या बाराही एस-वन. बॉडीच्या आठ एस-वन, चार एस-टू. या चारांत कॅगए, म्हणजे अल्सर आणि कॅन्सरशी ज्याचा संबंध जोडतात तो जीन, मिळाला नाही. पण पीसीआर निगेटिव्ह आला म्हणून जीन नाहीच असं धरायचं नसतं, जीन शोधणारा डीएनएचा छोटा तुकडा, म्हणजे प्रायमर, बसला नसेल तरी तसंच दिसतं. कॅगए ज्यात असतो ते सुमारे ४०,००० बेसचं कॅग बेट जिथे असतं त्याच्या दोन काठांवरचे प्रायमर लावले. चारांतही छोटा तुकडा आला, म्हणजे बेट खरंच नव्हतं.

औषधाला जंतू किती दाद देतो ते मोजणाऱ्या क्लॅरिथ्रोमायसिनच्या पट्टीवर मात्र हेच सौम्य चार मुजोर निघाले. लिटरला ०.२५ मिलीग्रॅमपर्यंत सेन्सिटिव्ह धरतात, यांची वाढ १६ च्याही पुढे गेली. हे औषध जिथे चिकटतं त्या २३एस आरएनएच्या जीनचा तुकडा बीएसए-वन एन्झाइमने कापला गेला, म्हणजे २१४३ व्या जागी ए चा जी झालेला. अल्सर करण्यात ज्यांचा हात जास्त, ते एस-वन बिचारे औषधाला सरळ.

"मग सरळवाले दोन कोर्समधून जगले कसे?" डॉक्टरांचा प्रश्न रास्त होता. उत्तर पेशंटच्या बायकोने दिलं: तोंड कडू व्हायचं, म्हणून दोन्ही वेळा आठवडाभरात त्याने गोळ्या सोडल्या होत्या.

फक्त अँट्रमचा तुकडा आला असता, किंवा बॉडीची एकच कॉलनी उचलली असती आणि ती त्या आठांतली निघाली असती, तर मी "सेन्सिटिव्ह" असा रिपोर्ट दिला असता आणि तिसऱ्यांदा क्लॅरिथ्रोमायसिन सुरू झालं असतं.

पेशंटच्या मुलाला कॅगए शब्द कुठून तरी कळला होता. "म्हणजे कॅन्सर?" भारतातल्या बहुतेक स्ट्रेनमध्ये कॅगए असतोच, अल्सर नसलेल्यांच्याही, त्यामुळे आपल्याकडे एकट्या त्या जीनवरून कुणाचं भविष्य सांगता येत नाही. रिपोर्टमध्ये मी तो शेवटच्या ओळीत लिहिते. पहिल्या ओळीत क्लॅरिथ्रोमायसिन रेझिस्टंट, मिश्र संसर्ग.

डॉक्टरांनी बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि आम्ल कमी करणारी गोळी अशी चौदा दिवसांची चौकडी दिली. टेट्रासायक्लिनसाठी मुलाला बऱ्याच फार्मस्या हिंडाव्या लागल्या. फेणी बंद, हे सांगितलंच. बिस्मथने शौच काळी होते, हेही आधी सांगून ठेवलं, नाहीतर अल्सरचा माणूस रक्तस्राव समजून पाचव्या दिवशी गोळ्या फेकतो.

चोवीस कॉलन्या २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवल्या आहेत, प्रत्येक ट्यूबवर जागेचं नाव लिहून. श्वासाची चाचणी कोर्स संपल्यावर सहा आठवड्यांनी, आधी दोन आठवडे पॅन्टोप्राझोल बंद ठेवून. या वेळी फार्मसीवाल्यालाही फोन केला.