२५ सेंटिमीटरच्या खाली

आर्मीत इंजिनिअर्सला होतो, आता लाओसमध्ये शिएंगखुआंगला न फुटलेले बॉम्ब काढायचं काम करतो. १९६४ ते १९७३ अमेरिकेने या देशात क्लस्टर बॉम्बमधून २७ कोटींच्या आसपास छोटे बॉम्ब टाकले, त्यातले ३० टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत. टेनिस बॉलएवढे असतात. गावात त्यांना ‘बॉम्बी’ म्हणतात, घरातल्या मांजराला हाक मारावी तसं.

मागे एकदा निरोप आला, मासे पाळायला तळं खोदताना एकाला बॉम्बी लागला. वावर कुठलं ते बघितलं आणि पोटात गोळाच आला. आमच्याच टीमने क्लिअर केलेलं, हँडओव्हरच्या कागदावर सही माझी.

गेलो तर माणसाने त्यावर टोपली पालथी घातलेली, हात लावला नव्हता. आता टोपली तरी कशाला जवळ न्यायची, पण बोललो नाही. हा पडताना गरगर फिरतो आणि त्याने फ्यूज आर्म होतो, म्हणजे फुटायला तयार, आणि पन्नास वर्षांनी तो फ्यूज कुठे अडकून बसलाय हे बाहेरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून उचलायचा नाही, जागेवरच उडवायचा. टीएनटी शेजारी ठेवायचं, पण टेकवायचं नाही, हात अगदी सावकाश काढायचा, भोवती वाळूच्या गोण्या. भोंगा वाजला की माणसं हलतात, म्हशींना मात्र कोणी समजवायचं.

उडवायच्या आधी खोली मोजली. गुडघाभर होती. शेतीसाठी आमचं स्टँडर्ड २५ सेंटिमीटरचं, म्हणजे कागदावर आम्ही निर्दोष. ठरवणाऱ्यांना शिव्या देणं सोपं आहे, पण जितकं खोल जाल तितके मेटल डिटेक्टरचे सिग्नल वाढतात आणि प्रत्येक सिग्नलला बाजूने तिरकं, खुरपीने, नखाएवढं नखाएवढं उकरत जावं लागतं, आणि बहुतेक वेळा हाताला येतो गंजका तुकडा. तशाने एक गावसुद्धा होणार नाही. फक्त ज्याला तळं हवंय त्याला हे स्टँडर्ड काय कामाचं?

स्फोट झाल्यावर त्याने विचारलं, बाकीचं वावर ठीक आहे ना? मी सविस्तर सांगितलं, २५ सेंटिमीटरपर्यंत ठीक, खाली खोदायचं तर आधी आम्हाला बोलवा, वगैरे. आमचा दुभाषा पोरगा गुणी आहे, पण माझ्या एवढ्या भाषणाचं त्याने चार शब्दांत उरकलं आणि तो माणूस हसून मान हलवायला लागला. गाडीत बसल्यावर विचारलं, नक्की काय सांगितलंस रे?

‘जमीन चांगली आहे म्हटलं सर.’

हँडओव्हरच्या दिवशी काय सांगितलं होतंस, तेही विचारलं. तेच.