आवाज नसलेले तीस सेकंद

जुलैमधल्या एका बुधवारी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, आमचे एक हवालदार एका दुचाकीस्वाराचा दंड धरून त्याला चौकीत घेऊन आले. त्यांच्यामागून सहा-सात वर्षांची एक मुलगी, शाळेच्या गणवेशावर गुलाबी रेनकोट घातलेली, दप्तर सांभाळत आत आली आणि कोणी काही सांगण्याआधीच भिंतीकडच्या बाकावर बसली. त्या माणसाच्या शर्टाचा खिसा उसवला होता. हवालदारांच्या छातीवरचा कॅमेरा पट्ट्यासकट एका बाजूला लोंबत होता, पण त्याचा लाल दिवा अजून लुकलुकत होता.

"मॅडम, याला ठाण्यात पाठवायचं. ३५३ लावायचं. कॉलर धरली माझी, भर चौकात."

३५३ म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेतले कलम. सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी हल्ला करण्याचा हा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली येतो, पण आमच्या खात्यात तो नवा आकडा अजून कोणाच्या जिभेवर बसलेला नाही. आकडा कोणताही असो, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. कंपनीत कंत्राटी नोकरी करणाऱ्या माणसावर तो दाखल झाला, की अटक, कोर्टाच्या तारखा आणि चारित्र्य पडताळणीत कायमचा शेरा, एवढे सगळे एका सकाळीत त्याच्या मागे लागते.

मी तेव्हा एका शहराच्या वाहतूक शाखेत उपनिरीक्षक होते आणि आमच्या विभागात बॉडी कॅमेरे येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. कॅमेरे वाटणे, परत घेणे, डॉकवर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या खाचेत, लावून चित्रीकरण उतरवून घेणे आणि नोंदवही ठेवणे ही जबाबदारी माझ्याकडे होती. त्याआधी असे प्रकरण चौकीत आले, की हवालदाराचा शब्द आणि समोरच्याचा शब्द एवढेच आमच्या हाती असायचे. बघ्यांची गर्दी साक्षीच्या वेळी विरून जाते, हे आम्हाला पाठ होते. पूर्वी अशा दोन प्रकरणांत मी केवळ हवालदाराच्या शब्दावर अहवाल पुढे पाठवलेला आहे. ते दोन्ही अहवाल खरे होते असे मी तेव्हा मानत होते.

तो माणूस सांगत होता, की हवालदारांनी आधी गाडीची किल्ली काढून घेतली, आईवरून शिवी दिली आणि मग तो चिडला. हवालदार सांगत होते, की हेल्मेटबद्दल विचारताच त्याने शिवीगाळ सुरू केली आणि अंगावर धावून आला. दोघेही शपथेवर बोलावे तसे बोलत होते. मुलीला काही विचारावे असे एक क्षण मनात आले आणि लगेच ते मला योग्य वाटले नाही. वडिलांबद्दल पोलीस चौकीत बोलायला लावण्याइतकी ती मोठी नव्हती.

चौकीत डॉक नव्हता. रस्ता ओलांडून विभागीय कार्यालयात जावे लागले. आमच्या कॅमेऱ्यातले चित्रीकरण कॅमेऱ्यावरून पुसता येत नाही, डॉकला लावले की ते आपोआप संगणकावर उतरते आणि प्रत्येक फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे त्या फाइलच्या ठशासारखा एक आकडा, तयार होते, त्यामुळे नंतर त्यात एक चौकट जरी बदलली तरी ते मूल्य जुळत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार न्यायालयात असे चित्रीकरण सादर करताना जे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यात हे मूल्य लिहायचे असते. त्या प्रमाणपत्राचे महत्त्व महाराष्ट्राला जालन्याच्या निवडणूक याचिकेने शिकवले आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत २९६ मतांनी लागलेल्या त्या निकालाचा वाद उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही यावर होता, निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रीकरण हा त्यातला कळीचा पुरावा होता, आणि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलेले नसेल तर हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे त्याच प्रकरणात स्पष्ट केले. प्रशिक्षणात हे आम्हाला सविस्तर सांगितले गेले होते. पुरावा न्यायालयापर्यंत शाबूत कसा न्यायचा हे आम्ही शिकलो होतो. तो पाहायचा कसा, हे मात्र त्या दिवशी कळले.

निरीक्षक साहेब माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. फाइल सुरू झाली, चित्र दिसू लागले, पण आवाज नव्हता. "आवाज गेलाय का याचा?" असे म्हणत त्यांनी माऊसने चित्र पुढे सरकवले आणि एकदम आवाज आला. समोरचा माणूस ओरडत होता, "परत बोल! परत बोल एकदा!" त्यामागोमाग एक शिवी, हॉर्नचा कल्लोळ, त्याचा हात लेन्सकडे झेपावला, चित्र हेलकावले, आभाळ दिसले, मग रस्त्यावरचे पाणी. हवालदारांचा आवाज ठाम आणि संयमी होता. "रेकॉर्डिंग चालू आहे. हात खाली घ्या. हात खाली घ्या."

"झालं," साहेब म्हणाले. "स्वच्छ केस आहे. पाठवून द्या."

मलाही तसेच वाटले होते, हे मला इथे लिहिले पाहिजे. पण 'परत' हा शब्द कानात राहिला. जो काहीच ऐकत नाही, तो 'परत बोल' असे कोणाला म्हणेल? मी फाइल पुन्हा अगदी सुरुवातीला नेली.

या कॅमेऱ्यांची एक रचना आहे, जी प्रशिक्षणात दोन वाक्यांत सांगितली गेली आणि बहुतेकांच्या लक्षात राहिली नाही. कॅमेरा चालू असला तरी तो सगळे कायमचे साठवत नाही, त्याच्या स्मृतीत फक्त सरते तीस सेकंद फिरत राहतात. बटण दाबले की ते मागचे तीस सेकंद फाइलच्या आरंभी जोडले जातात, मात्र आवाजाशिवाय, कारण बटण दाबण्याआधीचे खासगी बोलणे नोंदले जाऊ नये असा त्यामागचा विचार आहे. आवाज बिघडलेला नव्हता. हवालदारांनी बटण ज्या क्षणी दाबले, त्या क्षणापासून तो सुरू झाला होता.

त्या तीस सेकंदांत पाऊस भुरभुरत होता. लेन्सच्या खालच्या कोपऱ्यावर एक थेंब अडकला होता आणि त्यातून स्कूटरचा दिवा पसरट दिसत होता. मुलगी फूटबोर्डवर, वडिलांच्या दोन्ही हातांच्या मध्ये उभी होती. उजव्या बाजूने खाकी बाही चौकटीत आली, हात मुलीच्या खांद्यावरून पुढे गेला आणि किल्ली फिरवून बाहेर काढली. हेल्मेट नाही म्हणून किल्ली काढून घ्या, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही, आणि हजेरीच्या वेळी हे आम्हाला अनेकदा बजावले गेले आहे. त्या माणसाने हँडल सोडून दोन्ही हात जोडले. घड्याळाकडे बोट दाखवले, मग मुलीकडे. काहीतरी बोलला आणि थांबला. त्याचे ओठ मिटलेले होते. तेवढ्यात मुलीने मान वर करून कॅमेऱ्याच्या थोड्या वर, म्हणजे हवालदारांच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि दोन्ही हात रेनकोटच्या टोपीखाली घालून कान झाकून घेतले.

चौकटीच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर मी सेकंद मोजले. तिने कान झाकल्यापासून बटण दाबले जाईपर्यंत चार सेकंद गेले, आणि त्या चार सेकंदांत तिच्या वडिलांचे तोंड एकदाही उघडले नाही. त्यांच्या अखेरीस त्याचा चेहरा बदलला, त्याचा हात वर येऊ लागला, आणि तेव्हा बटण दाबले गेले.

छातीवरचा कॅमेरा ज्याच्या छातीवर असतो तो सोडून सगळ्यांना दाखवतो. हवालदारांचा चेहरा त्या चित्रात कुठेही नव्हता. तो मला त्या मुलीच्या चेहऱ्यावर पाहावा लागला. शिवी कोणती दिली गेली हे त्यातून सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे, आणि अहवालातही मी तसेच लिहिले. परंतु तो माणूस उगाच, काही कारण नसताना अंगावर धावून आला, हे म्हणणेही त्या चित्रासमोर टिकत नव्हते.

साहेबांनी ते तीस सेकंद दोनदा पाहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुन्हा दाखल करायचा नाही. समज देऊन सोडा. आणि हे फुटेज असू द्या तसंच, तीस दिवसांनी आपोआप जाईल." आमच्या यंत्रणेत विशेष खूण न केलेले चित्रीकरण तीस दिवसांनी पुसले जाते, आणि ती खूण करायची की नाही हे माझ्या हातात होते. साहेब वाईट हेतूने बोलले असे मला वाटत नाही. निवृत्तीला सहा वर्षे राहिलेल्या हवालदाराच्या सेवापुस्तकात डाग नको, एवढेच त्यांच्या मनात होते. तरीही मी ती खूण केली. पोलीस ठाण्यांतील सीसीटीव्हीबद्दल २ डिसेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चित्रीकरण अठरा महिने, आणि तेवढी साठवण बाजारातल्या उपकरणांत मिळतच नसेल तर किमान एक वर्ष ठेवण्यास सांगितले आहे. कोठडीतल्या माणसाला तक्रार करायला धीर यायला वेळ लागतो, हे ज्याने ठाण्यात काम केले आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. रस्त्यावरच्या माणसालाही तो वेळ लागतो. त्याच्यासाठी तीस दिवस पुरेसे आहेत, असे आम्ही कशाच्या आधारावर ठरवले होते?

दुपारी मी हवालदारांना एकट्यांना बोलावले आणि ती चित्रफीत दाखवली. त्यांची सेवा माझ्या दुप्पट, म्हणून मी त्यांना खुर्ची दिली, पण ते उभेच राहिले. मुलीने कान झाकले तिथे त्यांनी हात वर केला. "थांबवा, मॅडम." चित्र थांबले. ते वाकून पडद्याजवळ गेले.

"मला दिसलीच नाही ती," ते म्हणाले. "म्हणजे पोरगी होती हे दिसलं. पण हे नाही दिसलं."

मग आपणहून बोलले. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत खारला विनाहेल्मेट गाडी अडवली म्हणून एका वाहतूक पोलिसाच्या डोक्यात घाव घातला गेला आणि काही दिवसांनी रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला, ती बातमी आली तेव्हा हे हवालदार अशाच एका चौकात उभे होते. "तेव्हापासून मी आधी आवाज चढवतो. समोरचा दबला की हात उचलत नाही. सवय झाली." थोड्या वेळाने म्हणाले, "बटण दाबायचं भांडण झाल्यावर, असंच समजत होतो आम्ही. पुरावा पाहिजे म्हणून."

त्यांच्या या वाक्याने मला कॅमेऱ्यांबद्दल जेवढे शिकवले तेवढे प्रशिक्षणाच्या दोन दिवसांनी शिकवले नव्हते. तिथे आम्हाला कॅलिफोर्नियातल्या रिआल्टो या छोट्या शहराचे उदाहरण दिले होते. २०१२ साली तिथल्या ५४ पोलिसांवर वर्षभर प्रयोग झाला आणि नागरिकांच्या तक्रारी आधीच्या वर्षीच्या २४ वरून ३ वर आल्या. ते ऐकून सभागृहात टाळ्या वाजल्या होत्या. त्या बुधवारनंतर मी आणखी वाचले, तेव्हा कळले की वॉशिंग्टन डी.सी. मध्ये दोन हजारांहून अधिक पोलिसांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅमेऱ्यांमुळे बळाच्या वापरात किंवा तक्रारींमध्ये म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे कसे, याचे माझ्यापुरते उत्तर त्या चार सेकंदांत आहे. बटण कधी दाबायचे हे ज्याच्या हातात आहे, गोष्ट कुठून सुरू होते हेही तोच ठरवतो. आमच्या हवालदारांनी खोटे चित्रीकरण केले नव्हते. त्यांनी गोष्ट मधूनच सुरू केली होती.

त्या माणसाने हवालदारांच्या पट्ट्याला हात घातला होता, ती चूकच होती, आणि ते त्याने लेखी मान्य केले. हेल्मेटचे चलान कायम राहिले. त्याची तक्रार मी घेतली, तिची पोच दिली आणि चित्रीकरण जपून ठेवल्याचे तिच्यात नमूद केले. हवालदारांनी आपला सकाळचा लेखी अहवाल माझ्या टेबलावरून परत मागितला आणि नवा लिहून दिला. किल्ली काढल्याचे आणि अपशब्द वापरल्याचे त्यात होते. पुढे त्यांना खात्यांतर्गत ताकीद मिळाली. आमच्या एका महिला शिपायाने मुलीला पावणेअकराला शाळेत सोडले आणि उशिराची चिठ्ठीही चौकीच्या शिक्क्यासह लिहून दिली.

दुसऱ्या दिवसापासून हजेरीच्या वेळी मी एकच गोष्ट सांगू लागले, की गाडी थांबवायला हात वर करण्याआधी बटण दाबायचे. काही जणांनी रास्त हरकती घेतल्या. बॅटरी दुपारपर्यंत उतरते, पावसात लेन्स धूसर होते, घरून आलेला फोनही त्यात नोंदला जातो. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिने अंगावरच्या कॅमेऱ्याला चलानासाठीच्या अधिकृत इलेक्ट्रॉनिक उपकरणांमध्ये स्थान दिले, आणि त्यासाठी ठरवलेल्या १३२ शहरांपैकी १९ महाराष्ट्रातली आहेत, पण हात वर करण्याआधी की नंतर, हे तो नियम सांगत नाही. ते चौकात उभ्या असलेल्या माणसालाच ठरवावे लागते.

मी वरिष्ठांना एक टिपण पाठवले. मागे जोडला जाणारा काळ तीस सेकंदांवरून दोन मिनिटे करावा, त्यात आवाज असावा आणि खूण न केलेले चित्रीकरण किमान सहा महिने ठेवावे, असे त्यात सुचवले होते. आवाजाच्या मागणीवर खासगीपणाचा मुद्दा उपस्थित झाला. तो खोटा नाही. साठवणुकीच्या खर्चाचाही प्रश्न आला. माझी बदली झाली तोपर्यंत त्या टिपणावर 'विचाराधीन' असा शेरा होता. कार्यभार सोपवताना नोंदवहीबरोबर त्याची प्रत आणि त्या बुधवारच्या फाइलचा क्रमांक मी नव्या अधिकाऱ्यांच्या हाती दिला, आणि ती फाइल आवाज नसतानाच सुरुवातीपासून पाहावी, अशी विनंती केली.