एसटीतून आलेली भरलेली बंदूक

१५ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेची आचारसंहिता लागली, तेव्हा आमच्याकडे भात कापणीला आलेलं होतं. सिंधुदुर्गातल्या माणसाला यातली अडचण वेगळी सांगायला नको. दिवसा माकडं, रात्री डुकरं आणि गवे, दोडामार्गच्या बाजूला वर हत्ती. आणि नेमकं त्याच दिवसांत परवान्याची हत्यारं जमा करायचं फर्मान. मी तेव्हा एका तालुक्याच्या ठाण्यात हवालदार होतो आणि शस्त्रजमेचं रजिस्टर माझ्या ताब्यात होतं.

बाहेरच्यांना वाटतं, बंदुकीचा परवाना म्हणजे कमरेला रिव्हॉल्व्हर लावणारा कोणी बडा माणूस. आमच्याकडे बहुतेक परवाने शेतीसंरक्षणाचे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातच कलम १३ मध्ये शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्यामुळे आजोबांपासून चालत आलेली केपाची बंदूक कौलारू घरात भिंतीला टांगलेली, हे इथलं नेहमीचं चित्र. परवाना हातात आहे म्हणून डुक्कर मारता येत नाही, त्याला वनविभागाची परवानगी लागते. पण रात्री शेताच्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपटात, एक बार काढला की कळप पांगतो, आणि शेतकऱ्याला तेवढंच हवं असतं.

खरं तर निवडणुकीत सगळी हत्यारं सरसकट जमा करायची नसतात. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांची छाननी समिती एकेक परवाना बघते. जामिनावर सुटलेला, गुन्ह्यात नाव असलेला, पूर्वी दंगलीत सापडलेला असे परवानेधारक आधी. बँकेच्या राखणदारांना आणि नेमबाजीच्या खेळाडूंना सूट असते. पण वाडीवर निरोप पोचेस्तोवर त्याचं ‘सगळ्यांनी जमा करा’ असंच होतं. ज्या म्हाताऱ्यावर उभ्या जन्मात साधी तक्रार नाही, तोही भाताची राखण टाकून रांगेत उभा राहतो. याचा मला तेव्हाही राग होता, आजही आहे.

त्या दिवशी रांग व्हरांड्यातून पार तुळशीपर्यंत गेली होती. एक रस्त्याची कामं घेणारा ठेकेदार .३२ चं रिव्हॉल्व्हर घेऊन आला होता आणि आपल्याला सूट का नाही यावरून वाद घालत होता. त्याच्या मागे साठी ओलांडलेली एक बाई. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात गोणपाटात गुंडाळून सुंभाने बांधलेला लांब जिन्नस. तिने तो टेबलावर आडवा ठेवला आणि म्हणाली, “सायबानू, ही घेवा. माका परत नको.”

गोणपाट सोडलं तर आत ठासणीची बंदूक. तोंड सरळ ठेकेदाराच्या पोटाकडे. मी आधी दस्ता धरून ती भिंतीकडे फिरवली, मग घोड्याकडे बघितलं. घोडा खाली पडलेला आणि त्याच्याखाली तांब्याची केप, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, जागच्या जागी. हिरवी पडलेली, पण बसलेली.

ज्यांना या बंदुकीची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. काडतुसाची बंदूक मोडून उघडता येते, आत काडतूस आहे का ते दिसतं. ठासणीची तशी उघडत नाही. दारू, बोळा, छरे सगळं तोंडातून गजाने ठासलेलं असतं आणि बाहेरून बघून काही कळत नाही. केपेवर घोडा टेकलेला असताना त्या घोड्याला वरून चांगला दणका बसला, तरी बार उडू शकतो. चाप ओढायलाही लागत नाही.

“काकी, कशी आणलात ही?”

“एसटीनं. मांडयेर धरून.”

“भरलेली आसा काय?”

“माका काय ठावक? तेंनी भिताडाक लावलेली, ती तशीच होती.”

पावसाळा संपल्यावर आमच्या घाटीच्या रस्त्याला खड्डे कसे असतात ते मी रोज बघतो. तशा रस्त्यावरून सकाळच्या गर्दीच्या गाडीत ही बाई ते मांडीवर घेऊन आली होती. कंडक्टरने विचारलं तेव्हा ‘शेताचा सामान’ म्हणून सांगितलं होतं.

मी रांग अंगणात हलवली. बंदूक ठाण्यामागे मातीच्या बांधापाशी नेली, तोंड बांधाकडे. घोडा सावकाश मागे घेऊन पकडीने केप काढली. मग बाजूला उभा राहून गज नळीत हलकेच सोडला, नळीच्या तोंडाशी अंगठा धरला आणि तेवढाच गज बाहेरून नळीला लावून बघितला. रिकामी असती तर टोक केपेच्या जागेपर्यंत आलं असतं. ते चार बोटं अलीकडेच थांबलं. बार भरलेला होता. केप निघाल्यावर तातडीचा धोका टळला, पुढचं काम आमचं नव्हे. ओरोसच्या जिल्हा मुख्यालयातून आर्मरर, म्हणजे पोलिसांचा हत्यारं दुरुस्त करणारा माणूस, आला. त्याने आधी पाणी सोडून दारू मारली आणि स्क्रूच्या गजाने एकेक थर बाहेर ओढला. काथ्याचा बोळा, छरे, पुन्हा बोळा, खाली काळी दारू. नळी नीट बंद राहिल्यामुळे पाणी सोडेपर्यंत दारू कोरडीच होती, आणि कोरडी राहिलेली काळी दारू वर्षं गेली म्हणून मरत नाही.

तोवर काकीला मी आत बसवून चहा दिला होता. नवरा वारल्याला तीन पावसाळे झाले होते. परवाना त्याच्या नावावर, मुदत कधीच संपलेली. परवानेधारक गेला की वारसाने हत्यार विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं, कायद्याचं कलम २१ तेच सांगतं. ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. मग आजच का आणली? तर धाकट्या मुलाचा चुलतभावाशी बांधावरून वाद होता. आदल्या रात्री दारू पिऊन आल्यावर त्याने भिंतीकडे हात केला होता. तो झोपल्यावर तिने बंदूक उतरवली, माळ्यावर लपवली आणि सकाळी पहिल्या गाडीने निघाली. निवडणुकीचं तिला काही पडलेलं नव्हतं. रांग दिसली म्हणून ती रांगेत उभी राहिली.

मुदत संपलेलं हत्यार बाळगलं म्हणून तिच्यावर काही करायचं का, असा प्रश्न एका सहकाऱ्याने काढला. आमच्या साहेबांनी तो तिथेच मिटवला. स्वतःहून आणून दिलेल्या हत्याराचा पंचनामा, पावती आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे अहवाल, बस. मला ते अगदी योग्य वाटलं. अशा बाईला आपण आरोपी केलं असतं, तर त्या खोऱ्यातली एकही बंदूक पुन्हा आपणहून ठाण्यात आली नसती.

संध्याकाळी मुलगा आला. नशा उतरलेली होती, पण आवाज चढा. “ती आमची वडिलोपार्जित आसा. आमची वाडी रानात. रात्री कोण इलो तर काय करूचा?”

त्याला मी बसवून घेतलं. म्हटलं, बापाचा परवाना तुला चालत नाही. वारस म्हणून तुझ्या नावाने अर्ज कर. पोलीस चौकशी होईल, डॉक्टरचा दाखला लागेल, हत्यार हाताळायचं प्रशिक्षण लागेल, ते घरात कुठे आणि कसं ठेवणार हे लिहून द्यावं लागेल. आणि चौकशीला मीच आलो, तर काल रात्री भिंतीकडे हात का केलास ते मी अहवालात लिहीन. तो गप्प झाला.

त्याचा प्रश्न मात्र खोटा नव्हता. रानातल्या एकट्या घरात रात्री कोणी शिरलं तर ठाण्याची गाडी यायला वेळ लागतो, हे मी नाकारणार नाही. स्वसंरक्षणाचा हक्क प्रत्येकाला आहे, बंदूक असो वा नसो. भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये दिलाय, पूर्वी दंड संहितेत ९६ ते १०६ होता. रात्री घर फोडून शिरणाऱ्याविरुद्ध तो फार लांबवर जातो. पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर तो हक्क मिळत नाही. बांधाचा वाद यात कुठेच बसत नाही. त्याला मोजणी आहे, तहसीलदार आहे, कोर्ट आहे.

माझ्या नोकरीत परवान्याच्या बंदुकीने घडलेल्या ज्या घटनांना मी गेलो, त्यांत चोर मेलेला मी पाहिला नाही. पाहिले ते शिकारीत डुक्कर समजून मारलेला सोबती, भावकीतला माणूस, आणि एकदा स्वतःच्याच खोलीत दार लावून घेतलेला घरधनी. म्हणूनच ‘संरक्षणासाठी’ असा अर्ज आला की मी अर्जदाराच्या शत्रूंच्या आधी त्याच्या घराची चौकशी करत असे. दारू कोण पितं, भांडण कोणाशी, कपाटाची किल्ली कोणाकडे. बीडमध्ये डिसेंबर २०२४ च्या सरपंच हत्येनंतर परवान्यांची फेरतपासणी सुरू झाली, हवेत बार काढणारे व्हिडिओ तेव्हा साऱ्या राज्याने पाहिले. मिरवणुकीत, लग्नात असा बार काढणं २०१९ च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ही तपासणी खून पडायच्या आधी व्हायला हवी होती.

२३ नोव्हेंबरला निकाल लागला आणि आठवड्याने बंदुका परत द्यायला सुरुवात झाली. तोवर भात घरात आलं होतं, डुकरांनी खायचं ते खाल्लं होतं.

मला मात्र त्या केपेने झोप लागू दिली नाही. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद होते, परवान्याचं रजिस्टर ठाण्यात असतं, आणि दोन्ही कधी एकमेकांशी ताडून बघितली जात नाहीत. साहेबांची परवानगी घेऊन मी गावोगावच्या पोलीस पाटलांना बसवलं आणि रजिस्टरातलं एकेक नाव वाचत गेलो. ‘हे असत’, ‘हे मुंबयक गेले’, ‘हे वारले’. वारलेल्यांच्या घरी आम्ही स्वतः गेलो, समजावलं, दोन घरांत पुन्हा भरलेल्याच बंदुका मिळाल्या. एका घरात सुनेने सांगितलं की सासऱ्यांच्या मागे बंदूक कधी बघितलीच नाही. त्या बंदुकीचा नंबर आम्ही शेजारच्या ठाण्यांना आणि गोव्याच्या हद्दीवर कळवला आहे, शोध अजून चालू आहे.