तुम्ही विचारलंत म्हणून: यशवंतीच्या भिंतीला ओल का येत नाही

आमच्याकडे पहिल्यांदा आलेला माणूस आधी काचेपलीकडची यशवंती बघतो, मग तिच्या मागची भिंत, आणि विचारतो, "एवढी दमट खोली, भिंतीला ओल येत नाही? वॉटरप्रूफिंगचा कुठला डबा लावलात?" डब्याचं नाव सांगून भागलं असतं तर सांगितलं असतं. पण पहिल्या खेपेला मीही डब्यावरच विसंबले होते.

यशवंती म्हणजे आमची इग्वाना. सोसायटीतल्या पोरांना ती घोरपडच वाटली, म्हणून सिंहगडावरचं नाव तिला चिकटलं. (घोरपड पाळणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. ही परदेशी जात, आणि २०२४च्या नियमांप्रमाणे सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर तिची नोंद केलेली आहे. आमच्या वॉचमनला हे आता तोंडपाठ झालंय.) मुलाने आणली तेव्हा वीतभर होती, आता शेपटीसकट साडेचार फूट. काचेची पेटी पुरेना, तेव्हा पार्ल्याच्या आमच्या जुन्या घरातली कोठीची खोली तिला दिली. तीन बाजूंना विटांच्या भिंती, पुढे काच. हवेत दमटपणा हवा सत्तर टक्क्यांच्या आसपास, आणि वर ऊब देणारा दिवा. म्हणजे बारा महिने चालू असलेलं न्हाणीघरच.

मेअखेरीस एका कंत्राटदाराने जुन्या पुट्टीवरच इपॉक्सीचे दोन हात मारून दिले. "मॅडम, आता टाकी आहे टाकी!" ऑगस्टमध्ये पश्चिमेच्या भिंतीवर पापडासारखे फुगे आले. एक सुईने टोचला तर तपकिरी पाणी ओघळलं आणि मागची पुट्टी श्रीखंडासारखी बोटाला लागली. हे पाणी खोलीतलं नव्हतंच. पाऊस बाहेरून विटांत मुरत होता आणि आम्ही आतून त्याची वाट बंद केली होती. शिवाय एका कोपऱ्यात इपॉक्सी घट्टच झालं नव्हतं. त्यातल्या दोन घटकांचं प्रमाण चुकलं किंवा हवा फार दमट असली की वर तेलकट, चिकट थर राहतो. पूर्ण कडक झालेलं इपॉक्सी वाईट नाही, पण हे कच्चं होतं, आणि इग्वाना समोर येईल त्याला जीभ लावून बघते. त्याच दिवशी तिला तिथून हलवलं. दिवाळीनंतरही कितीतरी महिने ती आमच्या बाथरूममध्ये राहिली आणि आम्ही शेजारी अंघोळीला जात होतो.

दुसऱ्या वेळचे मिस्त्री भिंतीवर नुसती थाप मारून म्हणाले, "ताई, पाणी येतंय कुठून ते आधी बघू. लावायचं काय ते मग." पाऊस गेल्यावर बाहेरच्या भेगा भरल्या, पाइपाचा गळका जोड बदलला. मग आतलं पुट्टी-प्लास्टर विटेपर्यंत फोडलं, सांधे खरवडले, लोणा, म्हणजे विटांवर फुटलेला पांढरा खार, ब्रशने झाडून काढला. आणि मग काहीच केलं नाही. भिंत वाळू दिली.

वाळली की नाही हे हाताने कळत नाही. दीड फुटाचा पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन चारी कडा पक्क्या चिकटवून भिंतीला लावायचा आणि एक रात्र, एक दिवस तसाच ठेवायचा. आत थेंब दिसले तर भिंत अजून पाणी सोडतेय. आमच्या चौकोनात पहिल्यांदा एवढे थेंब जमले, जणू कुणी आत श्वास सोडत होतं. तीन आठवड्यांनी प्लास्टिक कोरडं निघालं, तेव्हा एकास चारचं सिमेंट प्लास्टर झालं. पुट्टी नाही, जिप्सम नाही, पीओपी तर नाहीच.

लेप निवडला पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचा. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालतो, असं डब्यावर स्पष्ट लिहिलेला. कोपऱ्यांत आधी वाटा मारून घेतला, म्हणजे काटकोन मोडून गोलाई दिली आणि त्यावर फायबरची जाळी दाबली, कारण भेग आधी कोपऱ्यातच पडते. मग भिंत किंचित ओली करून पहिला हात आडवा, दुसऱ्या दिवशी दुसरा उभा. बाथरूमसाठी मिळणारे बुरशी न धरणारे रंग आणि सिलिकॉन मी मुद्दाम टाळले. त्यांत बुरशी मारणारं औषधच घातलेलं असतं. काचेच्या कडेला मत्स्यालयाचं सिलिकॉन लावलं. दिव्यांची बटणं काचेबाहेर काढली आणि त्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच लाइन तोडणारा खटका, बसवला.

जमिनीवर दोन इंच पाणी भरून ४८ तास ठेवलं, तेव्हा खालच्या मजल्यावरचे नाना वर आले. त्यांच्या छताचा प्रश्न होता. त्यांनी स्वतः पेन्सिलने भिंतीवर पातळीची खूण केली आणि शेजारी तेवढ्याच पाण्याची परातही ठेवायला लावली. जानेवारीच्या कोरड्या हवेत थोडं पाणी उडून जाणारच. परातीतलं जितकं उतरलं तितकंच जमिनीवरचं उतरलं, तर गळती नाही. नाना बँकेतून निवृत्त झालेत, ताळेबंद जुळल्याशिवाय खाली गेले नाहीत.

एवढ्यावर यशवंतीला आत सोडता आलं नसतं. नवं सिमेंट जहाल अल्कधर्मी असतं, ओल्या कातडीला आणि जिभेला भाजतं. महिनाभर लेप पक्का होऊ दिला, भिंती पुन्हापुन्हा धुतल्या आणि ओघळलेल्या पाण्यात लाल लिटमस बुडवत राहिले. पाचव्या धुण्यानंतर तो निळा व्हायचा थांबला.

तरीही पहिल्या जुलैत एक भिंत ओली झाली. मी मिस्त्रींना फोनवर बरंच बोलले. ते आले, भिंत पुसली आणि पलीकडे आमच्या बेडरूममध्ये जाऊन एसीचा आकडा बघितला. बावीस. चूक आमचीच होती. तीस अंशांच्या, ऐंशी टक्के दमट हवेतली वाफ साधारण सव्वीस अंशांच्या पृष्ठभागावर थेंब धरू लागते. मधली भिंत अवघी साडेचार इंची, एका बाजूने गारठलेली. थंडगार ताकाच्या पेल्याला बाहेरून सुटतो तसा तिला घाम सुटला होता. या घामावर कुठलाही लेप चालत नाही, भिंत गार होऊ न देणं एवढंच करता येतं. बेडरूमच्या बाजूने थर्माकोलचे जाड तक्ते लावून वर प्लाय ठोकला आणि एसी सत्तावीसवर आणला. हे अजूनही कुरकुरतात. जुलैत तसंही यशवंतीला फवारा लागत नाही, मुंबईच तो मारते. फवाऱ्याची गरज पडते जानेवारी-फेब्रुवारीतल्या दुपारी.

दर दिवाळीच्या साफसफाईत मी चमच्याच्या दांड्याने सगळ्या भिंती वाजवते. पोकळ आवाज आला की तिथला लेप सुटलाय. यंदा तिच्या आवडत्या फांदीमागे, नखांनी ओरबाडून, रुपयाएवढी जागा वाजतेय. ती खरवडून पुन्हा दोन हात मारायचे, वाळवायचं, धुवायचं, लिटमस बघायचा, म्हणजे महिना गेलाच. तोवर यशवंती बाथरूममध्ये. घरी अजून सांगितलेलं नाही.