कळलावी फुलली, पण दुसऱ्या पावसाळ्यात

माझ्या वाफ्यातली माती पावसाळाभर ओली असते. कळलावी पावसातच उगवणारी वेल, तिला हे मानवेलच असं धरून पहिल्या वर्षी मी सगळ्यात ओलसर कोपऱ्यात कंद लावला. कोंब काही येईना. शेवटी उकरून पाहिलं, तर कंद बोटाने दाबताच पिचला. ओल आणि साचलेलं पाणी यांत मी फरक केला नव्हता.

पुढच्या वर्षी रोपवाटिकेतून नवा कंद आणला. रानातला उपटून आणू नये असं मला मनापासून वाटतं. औषधासाठी आधीच ही वेल फार खणली गेली आहे. कंदाचा आकार नांगरासारखा, म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात. कोंब फुटतो तो फक्त फाट्याच्या टोकाशी, आणि ते टोक इतकं ठिसूळ असतं की मी कंद दोन्ही हातांनी धरून आडवा ठेवला, हातमोजे घालूनच. वेलीच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन हे विष असतं, कंदात तर हमखास. घरात लहान मूल किंवा गाईगुरं असतील तर जागा विचार करून निवडा.

या वेळी मातीत वाळू आणि पानांचं खत मिसळून वीतभर उंचवटा केला. माती ओली राहिली, पाणी मात्र थांबलं नाही. कोंब आला तसा शेजारी काठ्यांचा मांडव उभा केला. या वेलीला आधार धरायला वेगळे तणावे नसतात, पानाचं टोकच लांब होऊन वळतं. एका सकाळी एक टोक काडीला नुसतं टेकलं होतं, दुसऱ्या दिवशी पाहते तर घट्ट वेटोळं!

कळी खाली मान घालून असते. उमलताना सहाही पाकळ्या उलट वर वळतात, कडा लाटांसारख्या. आधी हिरवट-पिवळ्या, मग केशरी, शेवटी लालभडक. अग्निशिखा हे नाव तेव्हा पटलं. पाकळ्यांच्या खाली केसर चहूबाजूंना पसरतात आणि परागवाहिनी, म्हणजे बीजकोशावरची बारीक दांडी, काटकोनात वळून बाजूला जाते. मी किती वेळ उकिडवी बसून ते बघत होते कोण जाणे.

आता वेल वाळली आहे. कंद मातीतच ठेवलाय, पाणी बंद केलंय. खुरपं चुकून लागू नये म्हणून तिथे एक काठी रोवली आहे.