आमची वाटचाल : तुटक रेघेच्या बळावर

एआयएस म्हणजे जहाजाने आपली ओळख आणि जागा रेडिओवरून आपोआप सांगत राहायची यंत्रणा. ते संदेश टिपून जहाजाच्या वाटेची रेघ, म्हणजे ट्रॅक, आम्ही विकतो. संदेश जिथे आलाच नाही, तिथे आम्ही ती रेघ तोडतो. पहिल्या दिवसापासून तोडतो. याच हट्टापायी कंपनी बुडायच्या बेताला आली होती.

२००४ अखेर परदेशी फेऱ्यांवरच्या ३०० टनांपासून पुढच्या जहाजांना एआयएस सक्तीचं झालं, पुढे उपग्रहही संदेश टिपू लागले आणि धंद्यात गर्दी झाली. एका प्रतिस्पर्ध्याने तुटक जागा गणिताने भरून, वेडेवाकडे बिंदू ‘नॉइज’ म्हणून गाळून, निम्म्या दरात चकचकीत ट्रॅक विकायला काढले. आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक, एक विमा कंपनी, तिकडे गेलं. जाताना ऐकवलं, “तुमच्या डेटाला भोकं आहेत.” ते अजून बोचतं. गजबजलेल्या समुद्रावर अनेक जहाजांचे संदेश उपग्रहापाशी एकमेकांवर आदळून हरवतात. कुठे ट्रान्सपॉन्डर, म्हणजे जहाजावरचा संदेश पाठवणारा संच, मुद्दाम बंद केलेला असतो. बेकायदा मासेमारी शोधणाऱ्याला नेमकी तीच जागा हवी असते, रडार-उपग्रहाच्या चित्राशी ताडून बघायला. ती भरली की पुरावाच गेला!

पगार थकले, रिसीव्हरच्या टॉवरांचं भाडं थकलं. सोबत राहिले ते कॅप्टनसाहेब. जहाजं बंदरात आत-बाहेर नेणारे निवृत्त पायलट, अपघातांच्या चौकशीत तज्ज्ञ म्हणून जाणारे. एका जहाजाचा नांगर समुद्रतळाच्या केबलवरून घसटल्याचा वाद होता. प्रतिस्पर्ध्याच्या नकाशावर ते जहाज म्हणजे एक स्थिर ठिपका. साहेबांनी आमचे कच्चे संदेश मागवले आणि रात्री उशिरापर्यंत शेजारी बसून एकेक ओळ वाचली. नांगरावरचं जहाज दर तीन मिनिटांनी आपली जागा सांगतं आणि वाऱ्या-ओहोटीबरोबर नांगराभोवती घिरट्या घालतं. इथे ती घिरटीच हळूहळू सरकत गेली होती. हेडिंग (जहाजाच्या तोंडाचा रोख) वाऱ्याकडे, कोर्स (प्रत्यक्ष सरकण्याची दिशा) बरोबर उलटा, म्हणजे नाळ, जहाजाचं पुढचं टोक, वाऱ्याला धरून जहाज मागे ओढलं जात होतं. संदेशातलं स्टेटस मात्र ‘अ‍ॅट अँकर’च, कारण ते ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतल्या, माणसाने हाताने बदलायचं असतं.

त्यानंतर चौकशीची कामं येत गेली. विमा कंपनीही परतली, आमच्या दरात.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी रिसीव्हरच्या घड्याळावर आधी खर्च करावा. पोझिशन रिपोर्टमध्ये वेळेचा फक्त सेकंद येतो, तास-मिनिटं तुमच्याच घड्याळाने लावायची असतात. अँटेनाचे कनेक्टर रबरी टेपने घट्ट गुंडाळा, खारी हवा तांब्याला आतून हिरवं करते. आणि अक्षांश ९१, रेखांश १८१ आलं तर जहाजाला स्वतःची जागा कळत नाहीये. नकाशावरून ते खुशाल वगळा, मूळ ओळ पुसू नका.