मुरमावरची सायकल

ग्रॅव्हल बाइक म्हणजे काय, हे सोलापूरकराला समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. रेसच्या सायकलीचं खाली वळलेलं हँडल, पण टायर चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर जाड आणि खाचांचे. डांबर संपलं की हिची मजा सुरू. समोरचा ऐकून घेतो, अंगठ्यानं टायर दाबून बघतो आणि म्हणतो, "म्हणजे आपल्या नेहमीच्या रस्त्यावर चालवायची सायकल म्हण की बे!" पुढचा प्रश्न किमतीचा. आकडा कळला की एवढ्यात जुनी मोटारसायकल आली असती, हा हिशेब सगळ्यांचा तोंडपाठ असतो.

पण खोचक प्रश्न तिसरा. "ते सगळं ठीक आहे, इथं जंगल कुठाय?" त्यांनीही फोटो बघितलेले असतात. सूचिपर्णी झाडांतून वळत जाणारी वाट, खाली निळी नदी, वर धुकं. आमच्याकडे वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही त्याच्या मनात आलं तर. मात्र या सायकलींच्या सगळ्यांत नावाजलेल्या शर्यतींपैकी एक होते अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, एम्पोरिया गावाभोवतीच्या फ्लिंट हिल्समध्ये. २००६ पासून. अंतर २०० मैल, म्हणजे तीनशे वीस किलोमीटर. तिथं सूचिपर्णी नाहीत की धुकं नाही. लांबच लांब गवताच्या टेकड्या, समोरून वारा, डोक्यावर ऊन आणि टायर चिरणारे चकमकीचे दगड. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मनात म्हटलं, हे तर नान्नज झालं! गवताची उंची तेवढी वेगळी.

नान्नज सोलापूरहून बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटर. माळढोक पक्ष्यासाठी इथं १९७९ साली अभयारण्य झालं. आता माळढोक दिसेल या आशेवर कुणी जाऊ नये. अभयारण्याच्या आत सायकल घालायचीही नाही. हा नियम कुणी सांगितला नसता तरी पाळावा असा आहे. बाहेरून गावं जोडणारे मुरमाचे रस्ते आहेत, ते पुरेत. दिवाळी झाली की गवत पिवळं पडतं आणि त्यावरून भोवत्या उडतो. हा हिवाळी पाहुणा, शिकारी पक्षी. गवताच्या शेंड्यांना पोट घासेल इतक्या खालून जातो आणि मध्येच असा वळतो, की पंख जमिनीला टेकतील वाटावं. काळविटांचं म्हणाल तर आपण चालत्या सायकलीवर असलो की ती नुसती मान वर करून बघतात. थांबलो, मोबाइल काढला, की पसार. म्हणून काळविटांचे चांगले फोटो माझ्याकडे नाहीत, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

या जमिनीला आपण सरसकट पडीक म्हणतो. झाड नाही म्हणजे काहीच नाही, असा आपला एक ठाम समज आहे; मग रोपं आणून लावली की निसर्गाचं भलं केल्याचं समाधान. वास्तविक उघड्या गवतावर जगणाऱ्या पक्ष्याला झाडांची दाटी ही अडचणच. लांबवर नजर पोचली नाही तर तो तिथं राहत नाही. धनगरांना हे बरोबर ठाऊक असतं. एका आजोबांनी मला हटकलं होतं, "कुठनं आलाव? ह्याला मोटर न्हाई व्हय?" नाही म्हटल्यावर त्यांनी सायकलकडे नाही, माझ्याकडे दयेनं बघितलं. मग लांडगा कुठून येतो ते काठीनं दाखवलं. लांडगा मेंढरू नेतो याचा राग होताच, पण माळावर त्याचाही वाटा आहे, हे ते अगदी सहज बोलून गेले. त्यांची कुत्री मात्र इतकी समंजस नसतात. कुत्रं अंगावर आलं तर जोरात पायडल मारत पळायचं नाही. उतरायचं, सायकल मध्ये धरायची आणि चालू लागायचं. दहा पावलांत त्याचा उत्साह मावळतो.

आता माती. या छंदात सगळ्यांत जास्त शिकवलं असेल तर मातीनं. आपल्या पायाखाली बेसॉल्ट. तो झिजून आधी मुरूम होतो आणि पुढे काळी. उंचवट्यावर मुरूम उघडा पडतो, वाहून आलेली काळी खाली ओढ्या-नदीकडे साठते. त्यामुळे पावसाळ्यात रस्ता निवडायचा तो उंचावरच्या धारेवरचा. तासाभरापूर्वी सर येऊन गेलेली असली तरी मुरमावर पाणी थांबत नाही, चाक करकरत छान पुढे जातं. तोच रस्ता पाचशे मीटर उतरून काळीत शिरला की खेळ खलास. काळी पाणी पिऊन फुगते, टायरला धरते, थरावर थर चढत चाक जात्याच्या पाळीएवढं जड होतं, आणि शेवटी चिखल फोर्कमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांत, असा ठासून बसतो की चाक फिरायचंच थांबतं. जगातली कितीही भारी सायकल असो, तिथं ती खांद्यावर घ्यावी लागते. शेजारच्या रानातल्या मावशी खुरपं देतात. देताना हसतात, पण देतात. नदीकाठचे पाणंद रस्ते म्हणून दिवाळीनंतर. तेव्हा दोन्ही बाजूंनी ऊस नाहीतर मालदांडी ज्वारी. जानेवारीत एखाद्या रानात हुरड्याची आगटी पेटलेली असते आणि कुणीतरी हाक मारतंच. तेव्हा सरासरी वेगाचा विचार करणाऱ्याने सायकल विकून टाकावी.

दगडांचा त्रास नाही, काट्यांचा आहे. वेडी बाभूळ आणि सराटे. ट्यूब घालून माळावर जाणं म्हणजे पंक्चर काढायला जाणं. म्हणून ट्यूबलेस, आत दुधासारखं पातळ सीलंट. सराटा उपटला की बारीक फुसकन आवाज येतो, छिद्रातून पांढरा बुडबुडा फुगतो, चाक एकदोनदा फिरवलं की बुडबुडा बसतो आणि थेंबाची रबरी टिकली होते. हे बघायला मला अजून आवडतं. हवाही कमी ठेवायची, पस्तीस-चाळीस पीएसआयच्या घरात. टणक टायर प्रत्येक खड्यावरून उडतो; मऊ टायर खडा पोटात घेतो आणि जमीन सोडत नाही.

नदी पाहायची तर विजापूर रस्त्यानं मंद्रूपकडे आणि तिथून आतल्या वाटांनी हत्तरसंग कुडल. इथं सीना भीमेला मिळते. पलीकडचा काठ कर्नाटकाचा. संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा लेख आहे, मराठीच्या सगळ्यांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. हरिहरेश्वराच्या देवळात असंख्य मुखं कोरलेलं शिवलिंग आहे; मी मुखं मोजायला लागतो आणि दर वेळी गुरुजी बोलायला लागतात.

आणि ज्यांना जंगलच हवं आहे त्यांच्यासाठी बालाघाटाच्या डोंगरात येडशीचं रामलिंग आहे. बार्शीच्याही पुढे, तेव्हा सायकल गाडीवर टाकून न्यावी. पानगळीचं जंगल, त्यामुळे मार्चमध्ये नुसत्या काटक्या आणि ऑगस्टमध्ये ओळखू येऊ नये इतकं हिरवं. देऊळ खाली घळीत, शेजारून ओढा. रावणाशी झुंजताना जटायू इथंच पडला, असं लोक सांगतात. श्रावणी सोमवार टाळा, पाय ठेवायला जागा नसते, मंगळवारी जा. शेंगाचटणी आणि कडक भाकरी हँडलच्या पिशवीत उघडी ठेवू नका. तिथल्या वानरांना बटणं उघडता येत नसतील, पण पिशवीची चेन ओढता नक्की येते.